चाळिशी, चष्मा आणि लेसर : दृष्टिदोष-निवारणाचा ऐतिहासिक आढावा

बीजसंज्ञा : दृष्टिदोष, चष्मा, स्वच्छमंडल, एक्सायमर लेसर, लॅसिक, वृद्धदृष्टिता

प्रस्तावना

मराठीत चष्म्याला ‘चाळिशी’ असा एक जुना शब्द आहे. वयाची चाळीस वर्षे उलटली की जवळचे अक्षर अंधूक दिसू लागते आणि पोथी किंवा वही वाचण्यासाठी डोळ्यांवर भिंगे चढवावी लागतात. या अनुभवातून वयाचेच नाव वस्तूला मिळाले. आज मात्र चष्म्याचा प्रश्न चाळिशीच्या कितीतरी आधी, शाळेच्या बाकावरच सुरू होतो. आणि तो ‘लावायचा कसा’ यापेक्षा ‘घालवायचा कसा’ या रूपात विचारला जातो.

प्रस्तुत लेखाचे निमित्त असाच एक प्रश्न आहे. साकीनाका परिसरातून महाविद्यालयात येणारा, आयटीआयचे प्रशिक्षण पूर्ण करून कला शाखेकडे वळलेला एक विद्यार्थी इतिहासाच्या तासानंतर थांबला. त्याला उणे चार नंबरचा चष्मा आहे. रेल्वेत सहायक लोको पायलट होण्याची त्याची इच्छा होती. ‘सर, लेसर करून घेतलं तर रेल्वेला चालतं का?’ असे त्याने विचारले. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर चष्म्यापासून कायमची मुक्ती देणाऱ्या जाहिराती त्याने रोज पाहिल्या होत्या. शस्त्रक्रियेसाठी घरी पैशांची जुळवाजुळवही सुरू झाली होती. त्या क्षणी त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही. उत्तर शोधताना या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचावा लागला आणि त्यातूनच हा लेख आकारास आला.

लेसर शस्त्रक्रिया सामान्य दृष्टिदोष कशा रीतीने दूर करते, ती येथवर कोणत्या टप्प्यांनी आली आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, या शस्त्रक्रियेचा इतिहास हा मुख्यतः मोजमापाचा इतिहास आहे. जेथे मोजमाप अपुरे राहिले तेथे त्याची किंमत रुग्णाच्या डोळ्याने काही वर्षांनंतर चुकती केली.

दृष्टिदोषांचे स्वरूप

डोळ्यात शिरणारा प्रकाश दोन ठिकाणी वळतो. पहिले ठिकाण म्हणजे डोळ्याच्या पुढील भागावरील पारदर्शक आवरण, म्हणजेच स्वच्छमंडल. बोलण्यात आपण ज्याला ‘बुबुळ’ म्हणतो त्याच्यावरील हा काचेसारखा पडदा होय. दुसरे ठिकाण म्हणजे आतील नैसर्गिक भिंग. डोळ्याची एकूण वक्रीभवन-शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते व त्यांपैकी सुमारे ४३ डायॉप्टर एकट्या स्वच्छमंडलाची असते. डोळ्याचा ‘नंबर’ बदलण्यासाठी शल्यचिकित्सक आतल्या भिंगाऐवजी या बाहेरच्या पडद्याकडे का वळले, याचे कारण या आकड्यांत आहे.

नेत्रगोल लांबट असला किंवा स्वच्छमंडल अधिक वक्र असले की प्रतिमा जालपटलाच्या अलीकडे पडते. ही निकटदृष्टिता, म्हणजे ‘मायनस नंबर’. नेत्रगोल आखूड असला की प्रतिमा जालपटलाच्या पलीकडे पडू पाहते. ही दूरदृष्टिता, म्हणजे ‘प्लस नंबर’. स्वच्छमंडलाची वक्रता आडव्या व उभ्या दिशेने असमान असली तर अबिंदुकता निर्माण होते. तिलाच चष्म्याच्या दुकानात ‘सिलिंड्रिकल नंबर’ म्हणतात.

चाळिशी या तिन्हींहून वेगळी आहे. तिच्यात डोळ्याच्या आकाराचा दोष नसतो. वयोमानानुसार आतील भिंगाची लवचीकता कमी होते व जवळच्या वस्तूवर दृष्टी केंद्रित करणे अवघड जाते. वृद्धदृष्टिता व दूरदृष्टिता या दोन्हींना बहिर्गोल भिंगच लागत असल्याने दीर्घकाळ त्यांची गल्लत होत असे. डच वैद्यक फ्रान्स डोंडर्स यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा भेद शास्त्रीय पायावर स्पष्ट केला. पुढे आपण पाहणार आहोत की, लेसरच्या मर्यादेचा प्रश्नही याच भेदापाशी येऊन थांबतो.

भारतातील चष्म्याचा इतिहास

भारतात चष्मा केव्हा आला, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध एका महाराष्ट्रीय संशोधकाने घेतला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) यांनी १५०० ते १८०० या काळातील भारतीय चष्म्याच्या इतिहासावर १९४७ मध्ये निबंध लिहिला. सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरितम्’ या संस्कृत चरित्रात विजयनगरचे व्यासराय स्वामी चष्मा लावून ग्रंथ वाचत असल्याचा उल्लेख आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. हा उल्लेख सुमारे १५२० च्या काळातील आहे. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतला होता आणि विजयनगरशी त्यांचे व्यापारी व राजनैतिक संबंध होते. त्यामुळे ही वस्तू पोर्तुगीजांकडून आली असावी, असे अनुमान करण्यास जागा राहते.

येथे महत्त्वाचे हे की, आपल्याकडील चष्म्याचा हा आरंभीचा वापर वाचनासाठी, म्हणजे बहुधा चाळिशीसाठीच होता. ‘चाळिशी’ हा शब्दही त्याच सवयीची साक्ष देतो. चष्मा हे बाह्य साधन होते. नंबर बदलला तर भिंग बदलावे, नको असेल तेव्हा काढून ठेवावे. त्यात चूक झाली तरी ती सुधारता येत असे. शस्त्रक्रियेने हा दिलासा काढून घेतला.

शस्त्राने नंबर घालविण्याचे प्रयत्न

स्वच्छमंडलाचा आकार बदलून निकटदृष्टिता घालविण्याचे पद्धतशीर प्रयत्न विसाव्या शतकात झाले. जपानमधील त्सुतोमु सातो यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वच्छमंडलाला आतून व बाहेरून छेद देऊन ते सपाट करण्याची पद्धती वापरली. आरंभीचे निकाल उत्साहवर्धक होते. परंतु स्वच्छमंडलाच्या आतील बाजूस पेशींचा एक नाजूक थर असतो. तो आतील पाणी बाहेर उपसून पडदा पारदर्शक राखतो आणि मनुष्याच्या डोळ्यात या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. त्या काळी या थराचे महत्त्व पुरेसे उमगलेले नव्हते. छेदांमुळे तो थर दुखावला व सुमारे दोन दशकांनंतर अनेक रुग्णांचे स्वच्छमंडल सुजून धूसर झाले.

सोव्हिएत रशियात स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात केवळ बाहेरून, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे छेद देण्याची सुधारित पद्धती रूढ केली. अमेरिकेत तिची दीर्घकालीन तपासणी झाली. तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ४३ टक्के डोळ्यांत नंबर एक डायॉप्टर किंवा अधिक प्रमाणात ‘प्लस’कडे सरकल्याचे दिसले. छेद भरून आले तरी पडद्याची मूळ बळकटी परत आली नव्हती.

तिसरा मार्ग कोलंबियातील होसे बाराकेर यांचा होता. स्वच्छमंडलाची पातळ चकती काढून, ती गोठवून, लेथवर घासून आकार द्यावा व पुन्हा बसवावी, अशी कल्पना त्यांनी १९४९ मध्ये मांडली. साकीनाक्याच्या खैराणी रस्त्यावरील गाळ्यांत धातूचा तुकडा लेथवर उतरविताना ज्याने पाहिले आहे, त्याला या कल्पनेचे साहस व धोका दोन्ही समजतील. मुख्य अडचण हत्याराची होती. मायक्रॉनच्या हिशेबाने ऊती काढणारे आणि शेजारची ऊती न दुखावणारे हत्यार उपलब्ध नव्हते.

अतिनील किरणांचे हत्यार

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर कार्यान्वित केला. मुंबईशी या विद्येचा संबंध लवकरच आला. ट्रॉम्बे येथील अणुऊर्जा आस्थापनेत त्याच दशकाच्या मध्यास गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार करण्यात आला. नेत्रवैद्यकानेही जालपटलावरील उपचारांसाठी लेसरचा उपयोग त्याच दशकात सुरू केला. परंतु तो लेसर उष्णतेने ऊती भाजत असे. स्वच्छमंडलाला आकार देण्यासाठी भाजणे उपयोगाचे नव्हते.

हे कोडे सोडविण्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. रंगस्वामी श्रीनिवासन यांचा जन्म १९२९ चा. मद्रास विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेस गेले व आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स येथील संशोधन केंद्रात काम करू लागले. तेथे जेम्स वाइन व सॅम्युएल ब्लम या सहकाऱ्यांसह ते अतिनील एक्सायमर लेसरचा पदार्थांवरील परिणाम अभ्यासत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर, श्रीनिवासन यांनी उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसाचा तुकडा प्रयोगशाळेत आणला व त्यावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण सोडले. स्वच्छ कडांची खाच पडली. आजूबाजूचा भाग भाजला नाही. दृश्य प्रकाशाच्या लेसरने मात्र तेथे जळकी जखम केली.

यामागील कारण रासायनिक आहे. १९३ नॅनोमीटरच्या एका प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे ६.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. प्रथिनांतील रेणुबंध तोडण्यास ती पुरेशी ठरते. त्यामुळे वरचा अतिशय पातळ थर तुकडे होऊन उडून जातो व उष्णता खाली पसरण्यापूर्वीच काम संपते. एका स्पंदात साधारणतः पाव मायक्रॉन ऊती निघते. बाराकेर यांना हवे असलेले हत्यार ते हेच होते. न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांनी ते ओळखले आणि १९८३ मध्ये ट्रोकेल, श्रीनिवासन व ब्रारेन यांचा स्वच्छमंडलावरील एक्सायमर लेसर शस्त्रक्रियेचा निबंध प्रसिद्ध झाला.

पीआरके, लॅसिक आणि स्माइल

पहिली पद्धती पीआरके होय. हिच्यात स्वच्छमंडलावरील सर्वांत वरचा पेशीथर बाजूला करून थेट पृष्ठभागावर लेसर चालवितात. १९८८ मध्ये मार्गरीट मॅकडोनाल्ड यांनी अमेरिकेत ती दृष्टी शाबूत असलेल्या मानवी डोळ्यावर केली व १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. वरचा थर पुन्हा येईपर्यंत काही दिवस वेदना होतात, ही तिची मुख्य गैरसोय.

ग्रीसमधील इओआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास बाराकेर यांची चकती व एक्सायमर लेसर यांचा मेळ घातला. स्वच्छमंडलाचा पातळ पापुद्रा एका बाजूस जोडलेला ठेवून उचलायचा, खालच्या ऊतीवर लेसर चालवायचा व पापुद्रा परत बसवायचा. हीच लॅसिक पद्धती. वेदना कमी, दृष्टी लवकर येते. म्हणून ती झपाट्याने पसरली. पापुद्रा आरंभी यांत्रिक पात्याने कापीत. पुढे मिशिगन विद्यापीठातील संशोधनातून फेम्टोसेकंद लेसर त्या कामी आला. ज्या अतिलघु स्पंदांच्या तंत्रावर तो आधारलेला आहे, ते तंत्र डोना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये मांडले होते. त्यासाठी त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तिसरी पद्धती स्माइल. तिच्यात पापुद्रा उचलतच नाहीत. फेम्टोसेकंद लेसरने स्वच्छमंडलाच्या आतच भिंगाच्या आकाराचा एक तुकडा सुटा करून लहान छेदातून बाहेर काढतात. जर्मनीत वाल्टर सेकुंडो व मार्कुस ब्लुम यांनी तिचा पाया घातला. या पद्धतीच्या आरंभीच्या प्रसिद्ध निष्कर्षांत बडोद्याच्या डॉ. रूपल शहा व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ चा निबंध मोडतो. म्हणजे या टप्प्यावर भारतीय वैद्यक केवळ तंत्राचे ग्राहक राहिले नव्हते.

तिन्ही पद्धतींचे तत्त्व एकच. मायनस नंबर असेल तर मध्यभागाची ऊती काढून पडदा सपाट करायचा. प्लस नंबर असेल तर मध्याभोवतीचे वलय घासून मध्य तुलनेने फुगीर करायचा. अबिंदुकता असेल तर एका दिशेने अधिक ऊती काढायची. स्माइलचा वापर मात्र मुख्यतः मायनस व सिलिंड्रिकल नंबरासाठीच होत आला आहे. डोळ्याची लांबी तीच राहते. जालपटल तेच राहते. म्हणून उणे आठ नंबरच्या व्यक्तीचा चष्मा गेला तरी लांबट डोळ्यामुळे जालपटलास असलेला धोका जात नाही व तिची नियमित तपासणी सुटत नाही.

मोजमापाचा प्रश्न आणि नागपूरची आकडेवारी

किती ऊती काढावी, याचा एक सोपा हिशेब १९८८ मध्ये चार्ल्स मनरलिन व सहकाऱ्यांनी दिला : उपचार-क्षेत्राच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करावा, त्यास नंबराने गुणावे व तीनने भागावे, उत्तर मायक्रॉनमध्ये येते. सहा मिलिमीटर व्यासासाठी दर नंबरामागे १२ मायक्रॉन निघतात. उणे चारसाठी ४८, उणे सहासाठी ७२ आणि उणे दहासाठी १२० मायक्रॉन. लॅसिकचा पापुद्रा सुमारे ११० मायक्रॉन धरला, तर उरलेला पाया किती, हा खरा प्रश्न असतो. हा पाया किमान २५० मायक्रॉन असावा असा पूर्वापार दंडक आहे व अनेक शल्यचिकित्सक ३०० च्या खाली जात नाहीत. १९९८ मध्ये थिओ सायलर यांनी लॅसिकनंतर स्वच्छमंडल पातळ होऊन पुढे फुगू लागल्याची प्रकरणे नोंदविली, तेव्हापासून या दंडकाचे गांभीर्य सर्वांना पटले.

स्वच्छमंडलाची मध्यवर्ती जाडी पाठ्यपुस्तकांत सुमारे ५४० मायक्रॉन दिलेली असते. हा आकडा आपल्याला लागू पडतो काय? या संदर्भात नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने डॉ. विनय नांगिया यांच्या नेतृत्वाखाली नागपूरजवळील ग्रामीण भागात केलेली पाहणी मोलाची आहे. मध्य भारत नेत्र व वैद्यकीय अभ्यास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीत तीस वर्षे व त्यांवरील ४,७११ व्यक्ती तपासण्यात आल्या. त्यांच्या स्वच्छमंडलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन व प्रमाण विचलन ३३ मायक्रॉन आढळले.

आता वरील हिशेब पुन्हा मांडून पाहू. उणे दहा नंबरासाठी ५४० मायक्रॉनच्या डोळ्यात ३१० मायक्रॉनचा पाया उरतो. ५१४ च्या डोळ्यात २८४ च उरतो. सरासरीहून एका प्रमाण विचलनाने पातळ, म्हणजे ४८१ मायक्रॉनच्या डोळ्यात तर उणे सहा नंबरालाच पाया २९९ वर येतो. साधारण वितरण गृहीत धरल्यास दर सहा व्यक्तींमागे एकीची जाडी याहूनही कमी असणार. याच अभ्यासात, वक्रता ४८ डायॉप्टर किंवा अधिक हा निकष लावला असता, शंकूसदृश स्वच्छमंडलाचे प्रमाण २.३ टक्के आले. केवळ वक्रतेवर आधारलेला हा निकष काहीसा सैल आहे आणि ही पाहणी ग्रामीण प्रौढांची होती. मुंबईच्या तरुणांना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु परदेशी सरासरीवर विसंबून चालणार नाही, प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे मोजलाच पाहिजे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. शस्त्रक्रियेपूर्वी स्वच्छमंडलाचा नकाशा काढणे हा म्हणूनच उपचाराचा गाभा होय.

निष्णात हातांनी, योग्य निवड करून केलेल्या शस्त्रक्रियेचे निकाल चांगले असतात, हेही तितकेच खरे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सहयोगी संस्थांसह केलेल्या पाहणीत ९५ टक्क्यांहून अधिक व्यक्ती आपल्या दृष्टीबाबत समाधानी होत्या. मात्र ज्यांना आधी काहीही त्रास नव्हता, अशांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलये किंवा तत्सम एखादे नवे लक्षण जाणवले व चतुर्थांशाहून अधिक जणांना डोळ्यांची कोरड जाणवली. समाधान व त्रास हे दोन्ही एकाच व्यक्तीच्या अनुभवात असू शकतात. जाहिरातीत त्यांपैकी पहिलेच येते.

चाळिशीपुढे लेसर

वरील सर्व विवेचन मायनस, प्लस व सिलिंड्रिकल नंबरांचे आहे. चाळिशीचे काय? तिचे मूळ स्वच्छमंडलात नसून आतील भिंगाच्या कडकपणात आहे. तेव्हा विसाव्या-पंचविसाव्या वर्षी लेसर केलेल्या व्यक्तीलाही यथाकाल वाचनाचा चष्मा लागतोच. एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी ठेवणे असे उपाय केले जातात. पण ती तडजोड असते, भिंगाला तारुण्य परत मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टीविषयक अहवालानुसार सुमारे ८२.६ कोटी लोकांची वृद्धदृष्टिता उपचाराविना राहिलेली आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आसाममधील चहामळ्यांच्या अभ्यासात चाळीस वर्षांवरील ७५१ कामगारांचा समावेश होता. त्यांत ज्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, त्यांची चहा खुडण्याची उत्पादकता तुलना-गटापेक्षा सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. साकीनाक्याच्या गाळ्यांत सुईत दोरा ओवणाऱ्या किंवा मोजपट्टीवरील बारीक रेघ वाचणाऱ्या कामगाराचा प्रश्नही याच जातीचा आहे. त्याचे उत्तर लेसर नव्हे. वाचनाचा साधा, स्वस्त चष्मा आणि तो देणारी तपासणी, हेच ते उत्तर.

समारोप

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. रेल्वे भरती मंडळाच्या सहायक लोको पायलट पदाच्या अधिसूचनांत, दृष्टिदोष घालविण्यासाठी लॅसिक किंवा अन्य शस्त्रक्रिया केलेला उमेदवार अपात्र असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. याउलट भारतीय वायुदलाच्या वैद्यकीय निकषांत, शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी केलेली नसावी, तिला किमान बारा महिने झालेले असावेत, अशा अटींवर ती चालते. म्हणजे एकच शस्त्रक्रिया एका दारी अटींसह स्वीकारली जाते व दुसऱ्या दारी उमेदवारी संपविते. आणि ती मागे घेता येत नाही. सातो यांच्या रुग्णांची गत आज होत नाही. तरीही काढलेली ऊती परत येत नाही, हे सत्य तेव्हाइतकेच आज कायम आहे.

त्या विद्यार्थ्याला अधिसूचनेतील ते वाक्य दाखविले. तो थोडा वेळ गप्प बसला. त्याच्या मनातील पद चष्म्यासहही मिळणारे नव्हते, हेही त्याला सांगावे लागले. मात्र चष्म्यासह पात्र ठरता येते अशी तांत्रिक पदे रेल्वेत आहेत. शस्त्रक्रियेसाठी जमविलेले पैसे घरात राहिले, त्याचा चष्मा डोळ्यांवर राहिला, आणि त्या पदांचा मार्ग मोकळा राहिला.

अध्यापक या नात्याने आपण वैद्यकीय सल्ला देऊ शकत नाही व देऊही नये. परंतु चष्मा घालविण्याच्या विचारात असलेल्या विद्यार्थ्याला चार प्रश्न आपण निश्चित देऊ शकतो : नंबर किमान वर्षभर स्थिर आहे काय, स्वच्छमंडलाची जाडी व नकाशा तपासला आहे काय, ज्या नोकरीसाठी हे करावयाचे तिचा चालू नियम मूळ अधिसूचनेत वाचला आहे काय, आणि पुढे चाळिशी येणारच, हे ठाऊक आहे काय. मराठीने वयालाच वस्तूचे नाव दिले, त्यात शरीराच्या कालक्रमाची जाण होती. लेसरच्या काळातही ती जाण उपयोगी पडावी.